देठ

मखमल नावाची पांढरी घोडी
देवउठनीच्या आदल्या आठवड्यात
कंपूच्या वळणावर लोडरला धडकली.
मोडलं काहीच नाही.
चारही पाय मी एकेक दाबून पाहिले, शाबूत.
तरी उभी राहायला गेली की डावीकडे कलंडायची,
मान वाकडी, कुणी कानात सांगतंय नि ती ऐकतेय अशी,
आणि बुबुळं आडवी धावायची,
धावून पुन्हा जागेवर यायची.

नफीस म्हणाला, डॉक्टरनीजी, डोकं फिरलंय हिचं.
मी म्हटलं, डोकं नाही. देठ.

वांग्याला असतो ना, तसा.
मोठा मेंदू संपतो आणि कणा अजून लागायचा असतो,
तिथे दोन अंगठ्यांएवढं काहीतरी.
त्याला वरात कळत नाही, नवरदेव कळत नाही,
तुझी शिटीही नाही.
त्याला खाली कुठे आहे ते कळतं.
पुढचा उजवा उचलायच्या आधी
ते उरलेल्या तिघांना निरोप धाडतं:
वजन येतंय, घ्या.
आपण मासे होतो तेव्हापासूनची नोकरी,
अजून रजा नाही.

हिच्या डाव्या कानाच्या आत मुका मार बसलाय.
तिकडची बातमी बंद, उजवीकडची येतेच आहे.
देठाला वाटतं, घोडी सारखी उजवीकडे वळतेय.
म्हणून ते तिला सावरतं.
डावीकडे. आणखी डावीकडे.
सावरण्यानेच पडते रे ती.

नफीसने बराच वेळ जमिनीकडे पाहिलं.
मग दवा?

दवा थोडी. बाकी उजेड.
डोळे बघतील, खूर चाचपतील,
देठ हळूहळू एका कानावर संसार करायला शिकेल.
अंधारात बांधू नकोस, आणि रोज चालव,
पडली तरी चालव.

पण तबेला नाल्याच्या काठी, टिनाचा,
एक बल्ब, त्याला वीज मिळेल तेव्हा.
आणि लगीनसराईतल्या रात्री लांब.

पाचव्या दिवशी पहाटे मी गेले, तर
अख्खी गल्ली काळोखात आणि तबेला लखलखीत.
वरातीत डोक्यावर वाहतात ते झुंबर,
मोत्यांच्या माळा, बारा दिवे, खाली बॅटरी,
शेणाच्या पाट्यांमध्ये ठेवलेलं.
सोमवतीने आणलं होतं.
रोज वरात संपली की दोन-अडीचला
ती दौलतगंजवरून तशीच चालत यायची,
डोक्यावर तेरा किलो उजेड,
एका हाताने मोबाईल कानाला,
घरी भाजीत मीठ किती घालायचं ते पोरीला सांगत.
झुंबराचा एक मोती हलत नसे.

मी विचारलं, कसं गं तोलतेस?
ती म्हणाली, विचार केला की पडतं.

तेवढ्या उजेडात मखमल
पाय फाकवून उभी राहायला लागली,
मेजाच्या पायांसारखे चार कोपऱ्यांत.
मग भिंतीला टेकून चार पावलं.
मग भिंत सोडून.
बुबुळं थांबली नवव्या दिवशी, संध्याकाळी,
नफीसचा फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते.
मान मात्र थोडी वाकडी राहिली. राहीलच.
नवरदेव पाठीवर बसणार नाही आता, मी स्पष्ट सांगितलं.
तो म्हणाला, नको. नाचली की पुरे.
मी काही बोलले नाही.

एकोणिसाव्या रात्री धुकं होतं, किल्ला दिसत नव्हता.
तबेल्याच्या तीन पायऱ्या उतरताना
माझ्या मनात आलं,
आधी कुठला पाय टाकते मी?
आणि तिसऱ्या पायरीवर सपशेल घसरले,
बॅग, स्टेथोस्कोप, सगळं चिखलात.

सोमवती हसली, झुंबरासकट.
दिवे किणकिणले.
आणि मखमलने, हा कसला आवाज म्हणून,
तिरक्या मानेने मागे वळून पाहिलं,
पूर्ण वळून,
आणि पडली नाही.